सरडा सापडलाय: ठेवायचा, सोपवायचा की सोडायचा?

मांजराच्या तोंडातून सरडा सोडवला की घरातल्या प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो. आई म्हणते हळद लाव, शेजारचे काका म्हणतात दुधाचे दोन थेंब पाज, आणि पोरांनी तोवर त्याचं नावही ठेवलेलं असतं. या गोंधळात ठरवायचं ते एकच. घरी ठेवून बरा करायचा, जाणत्या माणसांच्या हवाली करायचा, की बागेत परत सोडायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. घर हे एका रात्रीपुरतं ठीक आहे. त्यापुढे जाणाऱ्या प्रत्येक दिवसाला सबळ कारण लागतं, आणि ते बहुतेक वेळा नसतं.

आधी बघा, आहे कोण

घोरपड, पाल, सापसुरळी आणि बागेतला सरडा, या चारही जणांना आपण 'सरड्यासारखं काहीतरी' म्हणतो, पण प्रत्येकाचा निर्णय वेगळा.

घोरपड असेल तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. तिला पकडणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच, आणि तिची शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25,000 रुपये दंड. 'जखमी होती म्हणून ठेवली' हे बोलायला सोपं, पण वन्यप्राणी हातात आला तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं, असं कायदाच सांगतो. ती न्हाणीघरात शिरली असेल तर दार लावून घ्या आणि 1926 या वन विभागाच्या हेल्पलाइनला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. शेपटी धरून ओढायला जाऊ नका. शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो आणि नखांची पकड सुटत नाही. आणखी एक. चाळीत, गल्लीत बोभाटा करू नका. घोरपडीचं तेल सांध्यांवर चालतं हा समज अजून जिवंत आहे आणि तिच्या मांसाचे शौकीनही. गर्दी जमायच्या आत फोन झालेला बरा.

पाल आणि सापसुरळी यांचं उलट. त्यांना बहुतेक वेळा तुमची गरजच नसते. शेपूट तुटून वळवळत पडलेली पाहून माणूस घाबरतो, पण ती त्यांनी स्वतःच टाकलेली असते. रक्त फारसं जात नाही, हळूहळू नवी शेपूट येते. तिच्यात मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो, म्हणून ती जरा बेढब दिसते. शेपटीत साठवलेली चरबी मात्र गेलेली असते, त्यामुळे अशा पालीला उपाशी डब्यात ठेवण्यापेक्षा ट्यूबलाइटखाली तिचे किडे तिला खाऊ देणं जास्त उपकाराचं. (सापसुरळी विषारी नाही. हे दरवेळी सांगावं लागतं.)

खरा पेच बागेतल्या सरड्याचा. त्याची शेपूट पालीसारखी गळून परत येत नाही. तुटली असेल तर ती जखम आहे, आणि ती कुणीतरी केलेली आहे.

घरची रात्र आणि घरचा महिना

एका रात्रीसाठी चपलांचा खोका पुरतो. झाकणाला भोकं, तळाला जुना सुती कपडा किंवा वर्तमानपत्र, पकडायला एक खडबडीत काटकी. नाशिक-पुण्याची डिसेंबरातली रात्र असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. सरड्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. गारठ्यात पचन मंदावतं, जखमही भरत नाही. त्या रात्री खायला काही घालू नका. दूध तर नाहीच. तोंडात ड्रॉपरनं पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जातं. काटकीवर, पानावर दोन थेंब शिंपडा, हवं असेल तर चाटेल. जखमेवर हळद, डेटॉल काही नको. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करायचं आणि कापसानं टिपायचं, बस. नंतर साबणानं हात धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर खोका त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

महिनाभर ठेवायचं म्हटलं की हिशोब पार बदलतो. उन्हाची जागा घेणारा यूव्हीबी दिवा लागतो. त्याला काही हजार मोजावे लागतात आणि प्रकाश दिसत राहिला तरी त्यातले उपयोगी किरण काही महिन्यांनी ओसरतात. दिव्याखालची जागा पस्तीस अंशांच्या आसपास, दुसरं टोक थंड. रोज जिवंत किडे हवेत, आणि तेही झुरळांच्या खडूवरून किंवा औषध फवारलेल्या कुंड्यांतून न आलेले. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. हे चुकत राहिलं तर हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय थरथरतात.

बरेच जण इथे यूट्यूबवरचे बिअर्डेड ड्रॅगनचे व्हिडिओ बघून कामाला लागतात. तो सरडा ऑस्ट्रेलियातला, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला, भाजीपाला खाणारा, माणसाच्या खांद्यावर निवांत बसणारा. आपला सरडा पालेभाजीकडे ढुंकून बघत नाही. तो झाडावर चढणारा, आणि माणसाचा हात म्हणजे त्याला शिकारी पक्ष्याचा पंजा. हातात गप्प बसला, अंग काळवंडलं, तर तो माणसाळलेला नसतो. भेदरलेला असतो.

मी स्वतः एकदा एक सरडा अकरा दिवस ठेवला होता. जुन्या फिशटँकमध्ये, खिडकीशी, ऊन लागतंय या समाधानात. खिडकीच्या काचेतून ऊब येते पण कामाचे अतिनील किरण काच अडवते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. भर दुपारी तीच टाकी भट्टी होते, हेही नाही. त्यानं एकही किडा खाल्ला नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो गेलेला होता. पण माझा संशय उन्हावर नाही, त्याला धरणाऱ्या मांजराच्या दातावर आहे. मांजरानं धरलेला सरडा वरून धडधाकट दिसतो. सुईएवढं भोक खवल्यांत लपतं आणि मांजराच्या तोंडातले जंतू आत कामाला लागतात. ते भोक मी शोधलंच नव्हतं.

मग द्यायचा कधी?

मांजरानं धरला असेल तर त्याच दिवशी, जखम दिसो न दिसो. प्रतिजैविक लागतं आणि त्याची मात्रा वजनाच्या ग्रॅमवर ठरते, ते घरी जमणारं काम नव्हे. मागचे पाय फरपटत असतील, हाड दिसत असेल, उताणा पडल्यावर सुलटा होता येत नसेल, तरीही द्यायचाच. कुत्र्यामांजरांचे सगळे डॉक्टर सरडा बघत नाहीत, म्हणून निघण्याआधी फोनवर विचारा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. बाकी ठिकाणी 1926 वरून जवळच्या वनकार्यालयाचा पत्ता मिळतो. छोटा सरडा म्हटल्यावर पलीकडचा माणूस कधी कधी हसतो. हसू द्या.

उंदरांच्या चिकट सापळ्यात अडकलेली पाल किंवा सरडा मात्र आधी घरीच सोडवावा लागतो. ओढलात तर कातडी सापळ्यावर राहते. गोडेतेल कापसाच्या काडीनं कडेकडेनं लावत जायचं, सुटलेल्या पायाखाली कागद सरकवायचा, घाई करायची नाही. नाकाशी तेल जाऊ द्यायचं नाही.

आणि कुंडी उकरताना पांढरी, मऊ सालीची अंडी सापडली तर ती 'वाचवायला' घरात आणू नका. जशी होती त्याच बाजूनं ठेवून माती परत ओढा. उलटीपालटी झाली तर आतला जीव दगावू शकतो.

सोडायचा तर कुठे?

नुसता दमलेला, घाबरलेला सरडा दुसऱ्या दिवशी सोडून मोकळं व्हा. पण टेकडीवर किंवा 'छान जंगलात' नको. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण टोमण्यानं म्हणतो, पण त्याच कुंपणावर त्याला लपायची फट ठाऊक असते, उन्हाची जागा ठाऊक असते. अनोळखी रानात त्याला दोन्ही नसतात आणि तिथल्या दुसऱ्या नराशी मारामारी वर. सापडला त्याच बागेत, सकाळी ऊन चढल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, झुडपाच्या बुंध्याशी खोका आडवा करून बाजूला व्हा. पाल असेल तर संध्याकाळी. मांजर त्या दिवशी घरात कोंडून ठेवा, ओरडली तरी.