गिनीपिगच्या पिंजऱ्यातल्या कागदी गोळ्या: लातूरहून दोन महिन्यांचा अनुभव

भाची हॉस्टेलला गेली आणि तिचे दोन गिनीपिग आमच्या गळ्यात पडले. मी मार्केट यार्डात अडतीवर मुनीम. सोयाबीन मूठभर उचलून पंख्यापुढं सोडलं की माती किती ते कळतं, ती सवय इथंही कामी आली.

आधी एका दुकानदारानं लाकडाच्या सालपटांची पिशवी दिली होती. उघडताच घरभर ताज्या लाकडाचा वास. तिथंच फसलो. पाचव्या दिवशी पांढरं लेकरू शिंकायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "खाली काय अंथरलंय?" पाइन, देवदार नीट सुकवलेलं नसलं की त्या वासातली द्रव्यंच एवढ्याशा छातीला बाधतात. वखारीतला भुसा फुकट मिळत होता, पण त्यात बारीक धूळ आणि प्लायवूडचा गोंद. मांजराची गोळे धरणारी माती तर नकोच. ती ओली झाली की फुगते, हे प्राणी सगळं कुरतडतात आणि यांना उलटी करता येत नाही.

मग ऑनलाइन कागदी गोळ्या मागवल्या. पाच किलो, साडेआठशे रुपये. बायको म्हणाली, "एवढ्यात ज्वारी किती आली असती?" मूठभर गोळ्या काळ्या छत्रीवर सोडल्या, धूळ नावालाच. वाटीभर गोळ्यांवर थोडं पाणी ओतलं, तर दहा मिनिटांत सगळं पिऊन भिजल्या पोह्यांसारख्या फुलल्या.

मोठी खोट एक. उघड्या तळव्यांना त्या टोचतात. वर टर्किश टॉवेल घातला तर त्याच्या फाशात नख अडकलं. आता जुनी फ्लीसची चादर आहे. नुसत्या चादरीवर भागलं असतं, पण ती सारखी धुवावी लागते आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आमचं. चादरीसाठी बादली भरताना अजून हात आखडतो.

हे प्राणी चरता चरताच मुततात, म्हणून गवताखालचा कोपरा तेवढा गोळ्यांचा. पिशवी पाच आठवडे पुरली. ओला भाग मात्र रोज काढायचा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं असताना एक दिवस चुकलो, तर डोळे झोंबले.

औषध आणि अंथरूण बदलून शिंका थांबल्या. गोळ्यांना पाचपैकी चार गुण. एक कापला तो पिशवीला झिप नाही म्हणून. पावसाळी हवेत गोळ्या आपोआप फुगायच्या, त्यामुळं त्या तेलाच्या रिकाम्या डब्यात ओतून ठेवल्यात.