धुऊन पुन्हा वापरायचा सर्जिकल गाऊन: आठ महिन्यांनंतर

मी ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब नर्स आहे, म्हणजे शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाती उपकरणं देणारी. एकेका केसनंतर कचऱ्याच्या पिशव्यांत कोंबलेले डिस्पोजेबल गाऊन बघून जीव कळवळायचा. २०२० मध्ये तर तेही मिळेनात. म्हणून पॉलिएस्टरचे हे गाऊन आले तेव्हा मी मनापासून खूश झाले.

अंगावर हलके, चार तासांच्या केसमध्येही घुसमट नाही. खालच्या काठाला पंच्याहत्तर चौकटी छापल्यात. प्रत्येक धुलाईला एक खूण, चौकटी संपल्या की गाऊन बाद. धुतल्यावर प्रकाशाच्या टेबलावर पसरून टाचणीएवढं छिद्रही शोधतात, त्यावर उष्णतेनं ठिगळ चिकटवतात आणि मगच ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं यंत्र. हे मी स्वतः उभं राहून पाहिलं, तेव्हा विश्वास बसला.

खोट एकच, पण मोठी: पन्नासेक धुलायांनंतर बाहीचा मनगटाजवळचा कफ सैल पडतो, ग्लोव्ह खाली सरकतो. निर्जंतुक क्षेत्रात हे चालणार नाही.

दुसरं म्हणजे, शिवणाऱ्यांचं काय? २०२१ मध्ये वेठबिगारीच्या कारणावरून अमेरिकेनं एका बड्या मलेशियन कंपनीचे ग्लोव्ह अडवले होते. परदेशी मजुरांकडून भरतीसाठी उकळलेले पैसे परत केले गेले, बंदी उठली. मी विक्रेत्याला विचारलं, तुमच्या कारखान्यात नोकरीसाठी मजुरांना पैसे मोजावे लागतात का? कापडाची चाचणी, धुलाईचं प्रमाणपत्र, सगळं आलं. याचं उत्तर तेवढं आलं नाही.

पुढच्या ऑर्डरआधी हा प्रश्न लेखी गेलाय, नव्या कफच्या मागणीसकट.