खर्च अधिक परतावा की दराला कमाल मर्यादा?

वीज-पाण्याचे दर नियामकाने कसे बांधावेत, यावर एक मैत्रीण अडली आहे.

‘खर्च अधिक परतावा’ पद्धतीत कंपनीचा खर्च आणि गुंतवणुकीवरचा ठरावीक नफा दरातून भरून निघतो. गुंतवणूक सुरक्षित, म्हणून कर्ज स्वस्त मिळतं. पण परतावा नव्या उपकेंद्रावर मिळतो, जुन्याच्या दुरुस्तीवर नाही. मग गरजेपेक्षा जास्त बांधलं जातं. एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्येच हा धोका मांडला होता.

कमाल मर्यादेत (ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये दूरध्वनीला लागू झाली) दर महागाईपेक्षा ठरावीक टक्के कमीच वाढू शकतो. वाचेल ते कंपनीचं. काटकसर होते, पण कात्री आधी देखभालीवर चालते. गळका व्हॉल्व्ह गळतच राहतो. सेवेत कसूर झाल्यास दंड नसेल, तर मला ही पद्धत अजिबात मान्य नाही.

जाळं उभारायचं असेल तर पहिली. जाळं तयार, खर्च फुगलेला आणि नियामक खमका असेल तर दुसरी.