वाडा, भाड्याचे घर की शनिवार-रविवारची येजा: बडोद्यास परतू पाहणाऱ्यांसाठी एक तुलना

ज्यांचे आईवडील बडोद्यात आहेत, नोकरी मुंबईत आहे, घरात आजारपण आणि वाटणी हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले आहेत आणि त्याच शहरात पंचवीस वर्षांपूर्वी मागे राहिलेले एक माणूस पुन्हा एकटे झाल्याचे कानावर आले आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. अशा वेळी ‘परत जावे की नाही’ या एकाच प्रश्नावर महिनोन्‌महिने जातात. परतल्यावर बॅग कोणत्या घरात ठेवायची, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि माझ्या अनुभवाने पुढच्या बहुतेक गोष्टी त्यावरच ठरतात. गेल्या काही वर्षांत मी तिन्ही प्रकार करून पाहिले: आधी वर्षभर दर पंधरवड्याची येजा, मग पाच महिने दांडिया बाजारातल्या वडिलांच्या वाड्यात मुक्काम आणि आता मांजलपुरात भाड्याच्या दोन खोल्या. त्यामुळे ही तुलना तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

येजा

मुंबई सेंट्रल ते बडोदे हे रेल्वेचे अंतर सुमारे ३९० किलोमीटर आहे. वंदे भारतने चार-साडेचार तास लागतात आणि शुक्रवारी रात्रीची गाडी धरली तर शनिवारी उजाडता उजाडता माणूस घरी पोहोचतो. नोकरी आणि पगार दोन्ही शाबूत राहतात. शिवाय ‘ही कशाला आली’ असे कोणी विचारत नाही, कारण वडील आजारी असताना मुलीने येणे सर्वांना स्वाभाविक वाटते.

या मार्गाची मर्यादा दोन्ही आघाड्यांवर सारखीच आहे: आपण पाहुणेच राहतो. शनिवार-रविवारी सरकारी कचेऱ्यांतली कामे जवळजवळ होतच नाहीत आणि बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात, त्यामुळे वडिलांच्या पेन्शनपासून वाड्याच्या घरपट्टीपर्यंतचे सगळे कागद दादाच्याच हाती राहिले. ज्याच्या हाती कागद, त्याच्याच तोंडी शब्द, हे मला फार उशिरा उमगले. त्या मागे राहिलेल्या माणसाशी असलेल्या नात्याचेही तसेच झाले. कमाटी बागेत तासभर फिरणे, मग कुठेतरी सेव-उसळ खाणे, सुरसागराच्या कठड्याशी थोडा वेळ उभे राहणे हे सारे सुखाचे होते, परंतु त्यातली प्रत्येक भेट सुटीच्या दिवसाची होती. त्याची मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली दुसरी पाळी, रात्री बारानंतरचे जेवण, आईच्या गुडघ्यांचे दुखणे आणि बारावीतल्या मुलाचा अबोला यांतले काहीही मला वर्षभर दिसले नाही. त्याने लपवले असे नव्हे. शनिवारी ते दिसत नसे, इतकेच.

तरीही पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी मी येजाच सुचवीन. ज्या नात्याला अजून नाव द्यायचे नाही, त्याला या काळात कोणाच्या नजरेखालून जावे लागत नाही. वर्षभर मात्र हे रेटू नये.

वाडा

वडिलांच्या शुश्रूषेच्या दृष्टीने वाड्यात राहण्याला तोड नाही. पक्षाघातानंतरच्या महिन्यांत रात्री वारंवार कूस बदलावी लागते, औषधांच्या वेळा पाळाव्या लागतात, व्यायाम करून घेणाऱ्या माणसाच्या मागे उभे राहावे लागते, आणि हे सारे त्याच छपराखाली राहणाराच नीट करू शकतो. खर्चही नाही. जो खर्च होतो, तो पैशांत मोजता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात जेवताना वहिनीने विचारले, “राहायला आलीस की मोजायला?” तेव्हा मला राग आला होता, पण आज तिची बाजू दिसते. सहा वर्षे वडिलांचे सर्व काही तिने केले होते. घटस्फोट घेतलेली नणंद पन्नाशीच्या उंबरठ्यावर परत आली म्हणजे तिच्या हिशेबात एक वाटा चालत घरात आला होता, आणि त्या नणंदेने गावातल्याच माणसाशी संसार मांडला तर त्या वाट्याला एक वाली मिळणार होता. त्या दिवसापासून त्याचे वाड्यात येणे हे वाड्याचे मोल करणे ठरले. एका पावसाळी संध्याकाळी माडीवरची ओली तुळई पाहण्यासाठी तो स्टुलावर चढला, तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, “तुम्हाला वाड्याची बरीच काळजी दिसते.” त्यानंतर तो वाड्यात आला नाही. आणि हे एकाच बाजूला झाले असेही नाही. त्याच्या घरी त्याची मावशी त्याच्या आईला सांगून गेली होती, की हिला दांडिया बाजारात हिस्सा मिळणार आहे म्हणे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या दोन माणसांमध्ये फक्त एक सायकल आणि वाचनालयाची दोन कार्डे होती, त्यांच्यामध्ये आता सिटी सर्व्हेचा नकाशा येऊन बसला.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतली मराठी घरे एकमेकांना तीन-चार पिढ्या ओळखतात. गणपतीचा मांडव, हळदीकुंकू, कोणाच्या तरी घरचे उदकशांतीचे जेवण अशा प्रत्येक ठिकाणी ओट्यावरची काकू “किती दिवस आहेस गं?” असे विचारते, आणि त्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याची सोय नसते. गंमत अशी, की याच शहरात सयाजीरावांच्या राज्याने १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला होता. देशाला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. चोवीस वर्षांची ही आघाडी आमच्या ओट्यांपर्यंत अजून पोहोचायची आहे.

म्हणून वाड्याबद्दल माझे मत असे आहे: आपण एकुलते एक अपत्य असाल, किंवा भावंडांमधली वाटणी नोंदणीकृत दस्ताने पूर्वीच झाली असेल, तर वाड्यातच राहावे आणि भाड्याचे पैसे वाचवावेत. आईवडिलांचे दिवस डॉक्टरांनी मोजून दिले असतील, तर दुसरा कोणताही विचार न करता वाड्यातच राहावे आणि नात्याला तेवढे महिने थांबायला सांगावे. यांपैकी काहीच नसेल आणि वाटणीचा प्रश्न उघडा असेल, तर वाड्यात राहून जुने नाते पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करू नये.

भाड्याचे घर

पाच महिन्यांनी मी मांजलपुरात दोन खोल्या घेतल्या. वाडा तेथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि भाडे मुंबईच्या उपनगरातल्या तशाच जागेच्या निम्म्याच्या आत बसते. तरी दोन ठिकाणचा खर्च, त्यात नोकरी सोडून घरून घेतलेले कमी पगाराचे काम, असा ताण पडतो, हे कबूल केले पाहिजे. शिवाय लोक बोलतात. “वडील अंथरुणाला आणि मुलगी भाड्याच्या घरात” हे वाक्य मी तीन निरनिराळ्या तोंडांतून ऐकले. त्याला उत्तर म्हणून दादाने आणि मी सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या माझ्या वेळा ठरवल्या, रात्रीच्या बाईंचा अर्धा पगार मी देऊ लागले आणि औषधांपासून डायपरपर्यंतचा खर्च एका वहीत दोघांच्या सह्यांनी लिहिला जाऊ लागला. वाड्यात मुक्काम नसल्यामुळे वहिनीशी माझे संबंध सुधारले; आता कपाटाच्या किल्ल्या ती स्वतःहून माझ्याकडे देते.

नात्याच्या बाबतीत फरक याहून मोठा पडला. आता तो पाळीला जाण्यापूर्वी मंगळवारी सकाळी साडेदहाला चहाला येऊ शकतो. त्याचा मुलगा माझ्या टेबलावर गणिते सोडवतो आणि माझ्याशी फक्त गणितापुरते बोलतो. आमची भांडणे झाली. विसाव्या वर्षी मनाविरुद्ध काही झाले की तो दोन-दोन दिवस गप्प बसत असे. ती सवय मी पूर्ण विसरले होते आणि ती जशीच्या तशी आहे. येजेच्या वर्षात हे कळले नसते, कारण दोन दिवसांचा अबोला मुंबईहून आलेल्या माणसाला परवडत नाही. वाड्यात कळले असते, पण साक्षीदारांसमोर.

घर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे विश्वामित्रीचे पाणी: २०२४ च्या ऑगस्टअखेरच्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, तेव्हा तळमजल्याचे घर घेण्यापूर्वी पाणी कुठवर चढले होते हे शेजाऱ्यांना विचारावे. दुसरे म्हणजे एकट्या स्त्रीला भाड्याने घर देताना सोसायटीतून ‘कोण कोण येणार’ असे विचारले जाते. मी पहिल्या ठिकाणी मोघम उत्तर दिले आणि ते घर हातचे गेले. दुसऱ्या ठिकाणी सरळ सांगितले आणि काही अडले नाही. अकरा महिन्यांचा नेहमीचा करार या प्रयोगाच्या मुदतीला सोयीचा पडतो.

कागदपत्रे

कोणताही मार्ग निवडला तरी कागदांचा क्रम चुकवू नये. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलांपैकी कोणाचाही हक्क नसतो. वाडा वडिलोपार्जित असेल तर मात्र ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून वाडा कोणत्या प्रकारात मोडतो, हे जुन्या दस्तांवरून आधी ठरवून घ्यावे. हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते, तोंडी शब्दाला किंवा साध्या स्टॅम्पपेपरला अर्थ नाही. वडिलांनी सांभाळाच्या अटीवर वाडा कोणाला बक्षीसपत्राने दिला आणि सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. दस्तात ही अट स्पष्ट लिहिलेली असणे म्हणूनच महत्त्वाचे. विक्री ठरत असेल तर बडोद्यात आणखी एक पायरी आहे. जुन्या शहरातील काही भागांना १९९१ चा ‘अशांत धारा’, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या मिळकतींच्या हस्तांतरणावरचा गुजरातचा कायदा, लागू आहे आणि तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय केलेली विक्री ग्राह्य धरली जात नाही. विसार घेण्यापूर्वी हे तपासावे.

नात्याच्या बाजूचे कागद कमी, पण अधिक नाजूक आहेत. समोरची व्यक्ती अजून कायद्याने विवाहित असेल तर परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी अर्जापूर्वी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. तोवर घाई करू नये. गुजरातेत एके काळी ‘मैत्री करार’ नावाचा प्रकार बराच चालत असे आणि आजही कोणीतरी वकिलाचा कारकून तो सुचवतो, परंतु त्याने विवाहाचा दर्जा मिळत नाही. ती व्यक्ती विधवा असेल आणि भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून तिला पेन्शन मिळत असेल, तर पुनर्विवाहानंतर ते बंद होते. हा हिशेब लग्नाच्या बोलण्याआधी तिच्यासमोर मांडणे हाच सभ्यपणा होय. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असल्यास ३० दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावली जाते, आणि बडोद्यात ती कोणाच्या तरी मावसभावाच्या नजरेस पडतेच. आईला ती बातमी आपल्याच तोंडून आधी कळावी.

निवडताना

भावंडांशी वाटणीवरून बोलणे बंद झाले असेल आणि जुन्या माणसाशी नुकतेच बोलणे सुरू झाले असेल, तर तीन-चार महिने येजा करावी आणि मग अकरा महिने भाड्याच्या घरात राहावे, असा क्रम मी सुचवीन. दोन्ही घरांचा खर्च झेपत नसेल, तर वाड्यात राहावे, पण त्या माणसाला वाड्यापासून लांब ठेवावे आणि आपण कशासाठी आलो आहोत हे वहिनीला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकावे. मी ते सांगायला पाच महिने लावले.

आमचे अद्याप काही ठरलेले नाही. माझा दुसरा करार चैत्रात संपतो, त्याच्या मुलाची परीक्षा फाल्गुनात आहे, आणि वाड्याचा पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करून घेण्यासाठी तलाट्याकडे जायचे ते दादा आणि मी मिळून, असे आमच्यात आता ठरले आहे. पंच म्हणून समोरच्या काकांना न्यायचे आहे. त्यांना मंगळवार सोडून कोणताही दिवस चालतो.