आंकीवर जर्मन आणि जपानी, आठ महिन्यांनंतर: शब्द विसरलात तर ‘हार्ड’ दाबू नका

आंकी म्हणजे शब्द विसरायच्या आत पुन्हा विचारणारं फ्लॅशकार्डांचं ॲप, याहून जास्त सांगत बसत नाही. दोन भाषा एकदम शिकायच्या असतील तर आठ महिन्यांनंतरही हेच वापरा म्हणेन. पण एका बटणाबद्दल आधी बोलायलाच हवं.

कार्ड उलटल्यावर कितपत आठवलं ते बटण दाबून सांगायचं असतं. ‘अगेन’ म्हणजे ‘आठवलंच नाही’, ‘हार्ड’ म्हणजे ‘आठवलं, पण वेळ लागला’. ‘अगेन’ दाबलं की कार्ड पुन्हा पहिल्यापासून, ते जिवावर येतं, म्हणून न आठवलेल्या शब्दालाही बरेच जण ‘हार्ड’ दाबतात. जर्मनमध्ये नामाआधीचं आर्टिकल लिंग सांगतं (डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी): चमचा ‘डेर लॉफेल’, काटा ‘डी गाबेल’, सुरी ‘डास मेसर’. मराठीत चमचा आणि काटा पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी. म्हणजे तिघांत एकट्या चमच्याचं लिंग जुळतं. ‘डेर गाबेल’ म्हणालात आणि ‘हार्ड’ दाबलंत, तर कार्ड कधी दाखवायचं हे ठरवणाऱ्या आंकीच्या जुन्या गणितात दहा दिवसांचं कार्ड बारा दिवसांनी येतं. तोवर चूक पक्की झालेली असते. २३.१० आवृत्तीपासून आलेल्या एफएसआरएस या नव्या गणितात नुकसान आणखी मोठं: ‘हार्ड’ तिथे बरोबर उत्तर धरलं जातं, तुमची आठवण आहे त्याहून पक्की समजली जाते आणि बाकीच्या कार्डांच्याही तारखा लांबतात. शब्द आला पण लिंग चुकलं, तरीही ‘अगेन’च.

दोन्ही भाषांना एक प्रीसेट (सेटिंग्जचा संच) पुरेल असं सुरुवातीचं मत होतं. ते बदललं. जपानी शब्द लवकर पुसले जातात, आणि एका प्रीसेटमध्ये सगळ्यांना एकच माप लागतं. मग सोपं जर्मन उगाच समोर येत राहतं, जपानी उशिरा. दोन डेक (कार्डांचे गठ्ठे), दोन प्रीसेट, महिन्यातून एकदा ‘ऑप्टिमाइझ’, म्हणजे तुमच्या उत्तरांवरून गणित जुळवून घेणं. ‘डिझायर्ड रिटेन्शन’ (उजळणीत किती कार्डं आठवायला हवीत ते प्रमाण) ०.९० वरच असू द्या, ०.९७ केलंत की रोजचा ढीग उपसता उपसत नाही.

नव्या कार्डांची मूळ सेटिंग रोज २०. दोन भाषांचे ४० झाले की काही महिन्यांत उजळणी तीनशेच्या घरात जाते. जर्मनचे सात, जपानीचे पाच पुरे. परीक्षेच्या आठवड्यात नवे शून्य करा, उजळणी मात्र सोडू नका.

जर्मन नाम एकटं लिहू नका, आर्टिकल आणि अनेकवचन सोबत हवं: ‘डास हाउस, डी हॉयझर’. जपानी कार्डाला आवाज हवाच. ‘हाशि’ म्हणजे पूलही आणि जेवायच्या काड्याही. फरक सुराच्या चढउतारात. सुटी कांजी (जपानीतली चिनी लिपीतून आलेली अक्षरं) पाठ करू नका, शब्द घ्या.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट. आयफोनचं ॲप विकत घ्यावं लागतं, पण पैसे एकदाच, वर्गणी नाही. तरी आधी ब्राउझरमधली फुकट आंकीवेब महिनाभर चालवून बघा.

आंकी बोलायला शिकवत नाही. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत तोंडी भाग नसल्यामुळे जपानीत ही उणीव झाकली जाते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए१ या जर्मनच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेला तोंडी भाग असतो, तिथे ती लगेच दिसते. म्हणून कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा, आर्टिकलसकट.