ओपन गॅप्स : निवड उत्तम, पण ती जपून करावी

जुन्या फोनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मुक्त कार्यप्रणाली बसवल्यावर त्यात प्ले स्टोअरच नाही हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. त्याचे मूळ २००९ मध्ये आहे. लिनिएजओएसचा पूर्वज असलेल्या सायनोजेनमॉडमध्ये स्वतःची ॲप्स घालून वाटण्यास गूगलने त्या वर्षी हरकत घेतली आणि तेव्हापासून रॉम (फोनमध्ये बसवायची कार्यप्रणाली) वेगळा व गूगल ॲप्सची (म्हणजेच ‘गॅप्स’ची) झिप फाइल वेगळी अशी रीत पडली. ही अडचण वापरणाऱ्याच्या पथ्यावरच पडली, कारण सिस्टिममध्ये काय शिरू द्यायचे हे त्यामुळे त्याच्या हाती आले.

हा हक्क सर्वांत बारकाईने वापरू देणारी झिप म्हणून मी ओपन गॅप्सकडे पाहतो. प्रोसेसरचा प्रकार आणि अँड्रॉइडची आवृत्ती निवडली की पिको, नॅनो, मायक्रो, मिनी, फुल, स्टॉक अशा चढत्या आकाराच्या आवृत्त्या समोर येतात. ॲप्सवर बोटाने खुणा करू देणारी अरोमा आवृत्ती दिसायला आकर्षक आहे, पण ती सर्वच रिकव्हरींवर, म्हणजे रॉम व झिप बसवण्याच्या फोनमधल्या सोयींवर, चालत नाही. मला खरी भावली ती साधी मजकुराची फाइल. ‘गॅप्स-कॉन्फिग’ नावाची ही फाइल झिपशेजारी ठेवून तीत एका ओळीत एक याप्रमाणे नको असलेल्या ॲप्सची नावे लिहिली, की फ्लॅश करताना, म्हणजे झिप फोनमध्ये बसवताना, तेवढी वगळली जातात. ‘इन्क्लूड’ असा शब्द लिहिला, तर उलट फक्त लिहिलेलीच बसतात.

तरीही यादी लांबवण्याचा मोह टाळावा. इथे निवडलेले ॲप सिस्टिम विभाजनात, म्हणजे साठवणुकीच्या कार्यप्रणालीसाठी राखलेल्या भागात, बसते, त्यामुळे ते नंतर काढता येत नाही, फक्त बंद करता येते. शिवाय प्ले स्टोअरवरून त्याची नवी आवृत्ती आली की ती वापरणाऱ्याच्या ॲप्ससाठीच्या डेटा विभाजनात उतरते आणि जुनी प्रत सिस्टिममध्ये जागा अडवून बसते. सिस्टिम विभाजनच अपुरे असेल, तर इन्स्टॉलर जागा नसल्याची चूक दाखवून थांबतो. म्हणून प्ले स्टोअर आणि त्याला लागणारा सांगाडा एवढेच देणारी पिको घ्यावी व नकाशे, मेल वगैरे मागाहून नेहमीप्रमाणे उतरवावे, असे माझे मत झाले आहे.

रॉम फ्लॅश केल्यावर फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधीच ही झिप टाकायची असते. मी उतावीळपणे फोन आधी सुरू केला आणि सगळे पुसून पुन्हा आरंभ करावा लागला. तो दोष माझाच. पुढे रॉमची अद्ययावत आवृत्ती आली, तरी ‘ॲडऑन-डी’ या व्यवस्थेमुळे ॲप्स जागच्या जागी राहतात, ही सोय मात्र वाखाणण्यासारखी आहे.

मोठी उणीव अशी की ओपन गॅप्सची मजल अँड्रॉइड ११ पर्यंतच आहे. त्यापुढच्या रॉमवर अशीच कॉन्फिग फाइल वाचणारे निकगॅप्स हे गूगल ॲप्सचे दुसरे पॅकेज घ्यावे लागते. लिनिएजओएस सुचवते ते माइंडदगॅप्स हे तसेच पॅकेज आटोपशीर आहे, पण त्यात निवडीला वाव नाही. माझ्या अँड्रॉइड ११ च्या फोनवर मात्र पिकोच राहणार आहे.