चाळिशीचा चष्मा की डोळ्यांचं ऑपरेशन?

दादरला आमचं मेडिकलचं दुकान आहे. डोळ्यांचे थेंब न्यायला येणारं पंचेचाळिशी-पन्नाशीचं गिऱ्हाईक हल्ली हमखास विचारतं, "तुम्ही अजून चष्माच लावता? ऑपरेशन करून का घेत नाही?" चष्माच ठेवायचा, हा निर्णय मी तीन वर्षांपूर्वी घेतला. त्याआधी दोन डॉक्टरांना भेटलो, दहा दिवस एका डोळ्यात लेन्स घालून दुकान चालवलं आणि आमच्या दाजींचं ऑपरेशन जवळून पाहिलं. काउंटरवर उभ्या उभ्या हे सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. माझं मत माझ्या डोळ्यांपुरतं आणि माझ्या कामापुरतं आहे, हे धरून वाचा.

लेसर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लेसिक येतं. कॉलेजातल्या मुलांचा मायनस नंबर घालवतात ते. त्यात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला नवा आकार देतात. चाळिशी मात्र आतल्या भिंगाची तक्रार आहे. वयाबरोबर ते भिंग कडक होत जातं आणि जवळचं पाहताना पूर्वीसारखं फुगत नाही. बाहेरच्या पडद्यावर लेसर मारून आतलं भिंग मऊ होत नाही. म्हणून चाळिशीसाठी मला जे दोन मार्ग सांगितले गेले, ते दोन्ही वेगळे होते. एक मोनोव्हिजन: एक डोळा लांबसाठी तसाच ठेवायचा आणि दुसरा लेसरने जवळसाठी करून घ्यायचा. दुसरा मार्ग म्हणजे आतलं भिंगच काढून तिथे मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स बसवायची. ऑपरेशन मोतीबिंदूचंच, फक्त मोतीबिंदू नसताना केलेलं.

ज्यांना आधीपासून मायनस नंबर आहे, त्यांनी तर दुप्पट विचार करावा. माझ्या बायकोचा नंबर मायनस तीन. आज सत्तेचाळीसाव्या वर्षीही ती चष्मा कपाळावर सारते आणि सुईत दोरा ओवते, तांदूळ निवडते, पुस्तक वाचते. तिलाही लेसिक करून घ्यावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की लांबचा चष्मा जाईल, पण दुसऱ्याच दिवसापासून वाचायला चष्मा लागेल. निसर्गाने फुकट दिलेली जवळची नजर पैसे देऊन घालवायची, हे तिला पटलं नाही.

आता माझं. त्रेचाळिशीपर्यंत मला कसलाच नंबर नव्हता. मग प्लस एक लागला, आज एक्कावन्नाव्या वर्षी प्लस दोन आहे. चष्म्याचा त्रास मी नाकारत नाही. पावसाळ्यात एसी लोकलमधून प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की काचा पांढऱ्या होतात. चष्मा विसरतो, हरवतो, त्याच्यावर कुणीतरी बसतं. पण या सगळ्याहून मला जास्त छळलं ते लाव-काढीने. चष्मा लावून प्रिस्क्रिप्शन वाचायचं, मागे वळलं की रॅकवरची खोकी पुसट, म्हणून चष्मा काढायचा. स्ट्रिप हातात आली की पुन्हा लावायचा, आणि मान वर करून बोलायला जावं तर समोरच्याचा चेहरा धुरकट. संध्याकाळी सहा ते नऊ हेच चालायचं. प्रोग्रेसिव्ह काच करून पाहिली, पण तिचा खालचा भाग जवळच्या नंबरचा असतो, त्यामुळे दादरच्या पुलाचा जिना उतरताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटायच्या. अनेकांना महिन्याभरात सवय होते. मी पंधरा दिवसांत कंटाळलो. ऑपरेशनची चौकशी सुरू झाली ती या लाव-काढीपायी.

डॉक्टर चांगले होते. लेसरची घाई न करता ते म्हणाले, आधी कॉन्टॅक्ट लेन्सने मोनोव्हिजन जगून बघा. दोन्ही पंजे जोडून मध्ये एक छोटी खिडकी करायला लावली आणि तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. डावा डोळा मिटला तरी घड्याळ जागेवर, उजवा मिटला की घड्याळ गायब. म्हणजे माझा उजवा डोळा मुख्य, तो लांबसाठी ठेवायचा. डाव्यात प्लसची लेन्स घातली.

पहिले दोन दिवस मी फार खूश होतो. मोबाइल दिसतोय, पेपर दिसतोय, स्टेशनवरचा इंडिकेटर दिसतोय आणि नाकावर काही नाही. मेंदू खरंच जुळवून घेतो, हे मान्य केलंच पाहिजे. लोकलमध्ये तर मला माझं वय विसरायला झालं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक आजी आल्या. हातात अर्धी कापलेली स्ट्रिप. "बघ रे बाळा, ही चालेल का अजून?" तारीख स्ट्रिपच्या कडेला दाबून उठवलेली होती. शाई नाही, चंदेरी फॉइलवर चंदेरीच अक्षरं. असली तारीख स्ट्रिप तिरकी धरून, उजेड एका बाजूने घेऊनच वाचावी लागते. मी ट्यूबलाइटखाली स्ट्रिप फिरवत राहिलो. डाव्या डोळ्याला आकडे दिसत होते, पण उजवा डोळा त्यावर आपलं धुकं पसरत होता. शेवटी हाताने उजवा डोळा झाकला, तेव्हा कुठे महिना आणि साल लागलं. हात काढला की पुन्हा धुकं.

त्या दिवसानंतर मी स्वतःकडे लक्ष देऊ लागलो. पेपर, मोबाइल, वजनकाटा, पाटी, कशालाच अडचण नव्हती. अडचण फक्त सगळ्यात बारीक अक्षराला, आणि माझा धंदाच त्या अक्षरावर चालतो. काही गोळ्या २.५ मिलिग्रॅमच्या येतात, काही २५च्या. मधला ठिपका टाचणीच्या टोकाएवढा असतो. तो दिसला नाही तर घरी जाऊन कुणीतरी दहापट डोस घेईल. उरलेले दिवस मी प्रत्येक स्ट्रिप दुकानातल्या मुलाकडून पुन्हा तपासून घेतली. वीस वर्षांत ही वेळ माझ्यावर आली नव्हती.

दहाव्या दिवशी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगदी बारीक कामासाठी वरून एक चष्मा ठेवा. मोनोव्हिजन केलेले बरेच जण ठेवतात." त्यांनी काही लपवलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदरच आहे. पण माझ्यासाठी विषय तिथेच संपला. दिवसाचे आठ तास मी बारीकच काम करतो. ऑपरेशननंतरही माझ्या नाकावर चष्मा राहणारच असेल, तर डोळ्याला हात का लावायचा?

आणखी दोन गोष्टी आमच्या काउंटरवरून दिसतात. लेसर करून आलेली माणसं पुढे काही महिने डोळे ओले ठेवणारे थेंब नेत राहतात. लेसिकमध्ये पडद्यावरच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही काळ कोरडेपणा येतो. बहुतेकांचा ओसरतो, पण दिवसभर एसीत बसणाऱ्यांना तो जास्त जाणवतो. दुसरं म्हणजे आतलं भिंग साठीपर्यंत कडक होतच राहतं. पंचेचाळिशीत लेसरने बसवलेला जवळचा नंबर पंचावन्नाव्या वर्षी पुरेलच असं नाही. चष्म्याची काच मात्र अर्ध्या तासात बदलून मिळते.

भिंग बदलण्याच्या ऑपरेशनला हा दोष नाही. तिथे नंबर सरकत नाही आणि पुढे मोतीबिंदूही होत नाही, कारण मोतीबिंदू ज्याला होतो ते भिंगच उरलेलं नसतं. आमच्या दाजींनी हेच केलं. त्यांना लहानपणापासून प्लस पाच, म्हणजे जाड चष्म्याशिवाय लांबचंही नाही आणि जवळचंही नाही. आज ते उठल्याबरोबर चष्म्याशिवाय पेपर वाचतात आणि त्यांचा चेहरा बघून ताईला भरून येतं. त्यांच्यासारख्या मोठ्या प्लस नंबरवाल्याला मी ऑपरेशन नको असं कधीच म्हणणार नाही. पण रात्री कोस्टल रोडने येताना समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती त्यांना कडं दिसतं. मल्टिफोकल लेन्स आलेला उजेड लांब-जवळमध्ये वाटून टाकते, त्याचा हा परिणाम. वर्षभरात कडी फिकी झाली, गेली नाहीत. मंद उजेडातल्या हॉटेलात मेन्यू वाचायला ते मोबाइलचा टॉर्च लावतात. दाजींना ही किंमत परवडली. ज्याची लांबची नजर मुळात चांगली आहे, त्याने ती पणाला लावावी का, याची मला शंका वाटते.

पैशांचं थोडक्यात. मला दोन्ही डोळ्यांच्या मल्टिफोकलचा आकडा लाखाच्या वर सांगितला होता. मेडिक्लेमवर विसंबू नका. साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्यासाठी केलेलं ऑपरेशन आपल्याकडच्या पॉलिसीत साधारणपणे वगळलेलं असतं.

थेंबांबद्दलही लोक विचारतात. २०२४मध्ये थेंबांनी चष्मा सुटेल अशा बातम्या आल्या तेव्हा दुकानात रोज चौकशी व्हायची. ते पायलोकार्पिन, काचबिंदूचं जुनं औषध. बाहुली बारीक करून काही तास जवळचं दाखवतं. कंपनीने मंजुरीपलीकडचे दावे केल्यावरून औषध नियंत्रकांनी त्याच सप्टेंबरमध्ये त्याची परवानगी थांबवली.

माझी लाव-काढ शेवटी सुटली ती निम्म्या उंचीच्या फ्रेमने. ती नाकावर खाली बसते. खाली बघितलं की स्ट्रिप, वर बघितलं की काचेवरून उघड्या डोळ्यांनी रॅक आणि माणूस. लांबचा नंबर नसलेल्याला हे जमतं. बायकोला किंवा दाजींना याचा उपयोग नाही. फूटपाथवरचा दोनशे रुपयांचा तयार चष्माही मी वापरून पाहिला, पण त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि माझ्या डाव्या डोळ्याला थोडा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा वेगळा नंबर आहे, त्यामुळे तासाभरात कपाळ ठणकायचं. शिवाय तयार चष्मा घेणारा डोळे तपासून घेत नाही, आणि चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब मोजून घेणं चष्म्याच्या नंबराहून महत्त्वाचं आहे. दाब वाढून नजर नेणारा काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, सांगून येत नाही.

तुमच्या मनात तरीही ऑपरेशन असेल तर तारीख घेण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्सची चाचणी मागून घ्या, आणि त्या दिवसांत सुट्टी काढून घरी बसू नका. तुमच्या कामातलं सगळ्यात बारीक काय असेल, शिवणाची टीप, सर्किटवरचा टाका, हिशेबाच्या वहीतला आकडा, ते संध्याकाळी थकल्यावर करून बघा. मल्टिफोकलची अशी चाचणी नीट होत नाही. तिथे ज्याने करून घेतलंय त्याच्याबरोबर एकदा रात्री गाडीतून जाऊन या.

मला कधीतरी मोतीबिंदू होईलच, तेव्हा भिंग बदलावंच लागेल. डॉक्टरांशी बोलून ठेवलंय: लांबची साधी लेन्स बसवायची, आणि जवळसाठी हीच फ्रेम, नव्या काचा घालून.